रंगाखालचा रंग

मराठी शिकवणाऱ्या बाईने चेहऱ्याला लावायच्या फाउंडेशनवर लिहावे काय, असा प्रश्न येथील नेहमीच्या वाचकांना पडेल. मलाही पडला होता. सौंदर्यप्रसाधनांवरची सदरे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पुष्कळ असतात आणि आपण मंडळी ती पाने सहसा उलटून टाकतो. पण या विषयाशी माझी गाठ पडली ती विशेषणांच्या तासाला. एका विद्यार्थिनीच्या साध्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही, आणि जे दिले ते चुकीचे होते. म्हणून हे लिहिणे.

मुलगी आंधळगावची. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले हे गाव कोसा कापडाच्या विणकामासाठी ओळखले जाते. तिच्या घरीही माग आहे. स्नेहसंमेलनात तिचा एक नाट्यप्रवेश होता. मुलींना सजवण्यासाठी बाहेरून एक बाई बोलावल्या होत्या. त्यांच्याजवळ फाउंडेशनची एकच बाटली होती आणि तीच अकराही मुलींच्या चेहऱ्यांवरून फिरली. तीन-चार मुलींना ती बरी दिसली. या मुलीचा चेहरा मात्र दिव्यांखाली राख फासल्यासारखा दिसू लागला. मान तिची, चेहरा कुणा परक्याचा. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडले, हशा पिकला. तिने प्रवेश पुरा केला, एकही संवाद चुकवला नाही. दोन दिवसांनी मी गुणविशेषणे शिकवत असताना तिने विचारले, "मॅडम, माह्या रंगाले मराठीत काय म्हनतेत जी? सावरा नका सांगू, तो त सगळ्याईलेच म्हनतेत."

(झाडीबोलीत 'ळ' नाही, त्याच्या जागी 'र' येतो. त्यामुळे आमच्याकडची सावळी मुलगी 'सावरी' होते, आणि सावरी म्हणजे तांबड्या फुलांचे, मऊ कापसाचे झाडही. प्रमाणभाषेला हा योग साधलेला नाही.)

मी तिला सांगितले, 'गव्हाळ'. वर्ग गप्प झाला आणि ती हसली. गव्हाळ हा तिचा रंग नव्हता हे तिला ठाऊक होते, मला ठाऊक होते, बाकावर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होते. तिला बरे वाटावे म्हणून मी तिला एक पायरी वर चढवले होते. म्हणजे बाटलीवाल्या बाईंनी हाताने जे केले, तेच मी शब्दाने केले. घरी गेल्यावर ही गोष्ट मला फार लागली. मग मी फाउंडेशनविषयी मिळेल ते वाचू लागले.

वाचल्यावर कळले ते असे. त्वचेचा गडद-फिकेपणा ही एक गोष्ट आणि तिच्या तळाशी असलेली झाक ही दुसरी. पहिलीला प्रसाधनांच्या व्यवहारात शेड म्हणतात, दुसरीला अंडरटोन. गडदपणा मुख्यतः मेलॅनिनवर ठरतो. त्यातही काळसर-तपकिरी आणि तांबूस-पिवळे असे मेलॅनिनचे दोन प्रकार आहेत. त्यांत त्वचेखालून वाहणाऱ्या रक्ताची लाली मिसळते, कॅरोटिनचा पिवळेपणा मिसळतो, आणि या मिश्रणातून झाक तयार होते. पिवळी, सोनेरी किंवा पीचच्या फळासारखी झाक असेल तर तिला उष्ण म्हणतात. गुलाबी, लाल वा निळसर असेल तर थंड. आणि दोहोंपैकी कुणाचाच वरचष्मा नसेल तर तटस्थ. काही त्वचांत हिरवट झाकही असते. उन्हात राबून माणूस काळवंडतो, हिवाळ्यात थोडा उजळतो. त्याची शेड बदलते, झाक सहसा बदलत नाही. दोन बहिणी सारख्याच सावळ्या असूनही एकीला शोभणारे फाउंडेशन दुसरीला विजोड दिसते, त्याचे कारण हे आहे.

आता आंधळगावच्या मुलीचा चेहरा राखाडी का झाला ते सांगता येते. फाउंडेशनमधला पांढरेपणा बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. फिकट बाटलीत तो जास्त. तांबूस, उष्ण झाक असलेल्या गडद त्वचेवर गुलाबीकडे झुकणारा फिकट थर बसला की खालची तांब्याची ऊब झाकली जाते आणि वर पांढुरके, निर्जीव मिश्रण उरते. बाईंनी तिला उजळवू पाहिले आणि मुलगी विझली. बाईंना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. बाजाराने त्यांच्या हाती जी बाटली दिली ती त्यांनी वापरली, आणि भाषेने माझ्या हाती जो शब्द दिला तो मी वापरला.

ही शेड आणि झाक यांची गोष्ट आंधळगावात कुणाला नवी वाटू नये. कोसा रेशीम ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर पोसलेल्या अळीच्या कोषातून येते आणि ते मुळातच पांढरे नसते. मधासारखा, फिकट तपकिरी असा त्याचा अंगचा रंग असतो; शिवाय कोष सगळे एकाच रंगाचे नसतात, काही पिवळसर तर काही करडे निघतात. तुतीच्या पांढऱ्या रेशमावर जो रंग चढवावा तो उमटतो. कोशावर निळा चढवला तर हिरव्याकडे झुकतो, गुलाबी चढवला तर विटेकडे. सूत अगोदर पांढरे करून घ्यायचे म्हटले तर रसायनांत घालावे लागते आणि तरीही ते पुरते पांढरे होत नाही. म्हणून कोशाचा जाणता रंगारी हातात रंग घेण्याआधी सूत उजेडात धरून पाहतो. धाग्याचा अंगचा रंग हिशेबात धरूनच तो वरचा रंग ठरवतो. करवतकाठी साडीचे सौंदर्य तर बरेचसे अंगच्या रंगाच्या पोतावर आणि काठाच्या रंगांत असलेल्या विरोधावर उभे आहे. धाग्याच्या बाबतीत जी समज आमच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळगली, ती मुलीच्या चेहऱ्याच्या बाबतीत कुठे गेली?

माझ्यापुरते उत्तर असे आहे, की ती भाषेत अडकली. मराठीत झाक ओळखण्याची ताकद नाही असे मुळीच नाही. 'झाक' हा शब्दच आपल्याकडे आहे. अंडरटोनसाठी नवे पारिभाषिक नाणे पाडण्याची गरज नाही. प्रत्ययही आहेत. 'सर' लावून आपण लालसर, पिवळसर, निळसर करतो आणि 'ट' लावून हिरवट, पिवळट, काळपट, मळकट. पहिल्या गटातली छटा डोळ्याला चालते, दुसऱ्या गटात थोडे नाक मुरडलेले असते. इतका बारकावा प्रत्ययात ठेवणाऱ्या भाषेला गरीब कोण म्हणेल? पण ही संपत्ती कुणावर खर्च होते ते पाहावे. गोऱ्या माणसाला मराठीत झाक मिळते. तो केतकी असतो, चाफ्यासारखा असतो, तांबूस गोरा असतो, गुलाबी गोरा असतो. आजारी पडला तर पांढराफटक, पिवळाजर्द होतो. सावळ्या माणसाला मिळते ती फक्त मात्रा: निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा, काळाकुट्ट. ही एक शिडी आहे आणि तिच्या वरच्या टोकाला गोरेपणा आहे. शिडीवर तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात एवढेच हे शब्द सांगतात. तुमचा रंग कोणता, हे सांगत नाहीत. अपवाद म्हणून 'शिसवी' आठवतो, 'तुकतुकीत' आठवतो. पण हे शब्द तकाकीचे आहेत, झाकेचे नव्हेत, आणि शिसवी म्हणताना आपण माणसाला लाकडाच्या रांगेत बसवतो ते निराळेच.

एक व्याकरणातला दाखला देते. "मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे" हे वाक्य लग्न जुळवणाऱ्या प्रत्येक घरात उच्चारले गेलेले आहे. 'पण' या उभयान्वयी अव्ययाला आपले व्याकरणकार न्यूनत्वबोधक म्हणतात. येथे न्यूनत्व कशात आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही.

संस्कृत परंपरेत ही गोष्ट अधिक गमतीदार रीतीने घडली आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'तील यक्ष आपल्या पत्नीचे वर्णन करताना 'श्यामा' हे विशेषण वापरतो. मल्लिनाथाने टीकेत त्याचा अर्थ तरुणी असा दिला आणि त्यासाठी कोशाचा आधार घेतला. शब्दाला तो अर्थ आहे, हे खरेच. तरीही रंगाचा शब्द वयाकडे वळला की रंगाविषयी काही बोलावे लागत नाही, ही सोय नजरेआड करता येत नाही. मात्र याच परंपरेत श्यामेचे आणखी एक लक्षण सांगितलेले आहे: जिचे अंग थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात शीतल असते आणि जिची कांती तापवलेल्या सोन्यासारखी असते, ती श्यामा. हे लक्षण पहिल्यांदा वाचले तेव्हा मी सुभाषित म्हणून सोडून दिले होते. फाउंडेशनच्या बाटल्यांवरची उष्ण-थंडाची परिभाषा वाचल्यानंतर ते पुन्हा वाचले आणि थबकले. सावळेपणाच्या पोटात सोन्याची झाक असते, हे कुणीतरी केव्हाच डोळे उघडे ठेवून पाहिले होते. आपल्या लोकव्यवहारातल्या मराठीत ते का उतरले नसावे?

देवांच्या बाबतीत उतरले. विठ्ठल सावळा आहेच, शिवाय तो निळा आहे, घननीळ आहे, मेघश्याम आहे. वारकरी संतांनी काळ्या रंगातला निळा वेगळा काढून दाखवला. देवाला झाक मिळाली, भक्तिणीला मिळाली नाही. द्रौपदीचे एक नाव कृष्णा, म्हणजे काळी. पण आजच्या घरात मुलीचे नाव कृष्णा ठेवताना नदी आठवते, रंग आठवत नाही.

बैलांचे आणि जमिनीचे नशीबही माणसापेक्षा बरे दिसते. ढवळा, पवळा, तांबडा, बांडा, मोरा, काजळी, कोसा... हो, कोसा हाही बैलाच्या रंगाचा शब्द आहे, खिलार पाळणाऱ्यांच्या तोंडी तो सहज असतो. आमच्या भंडाऱ्याकडे जमीन नुसती काळी नसते. कन्हार निराळी, मोरांड निराळी, खरडी त्याहून निराळी, आणि कोणत्या जमिनीत धान कसा येतो हे शेतकरी मातीचा रंग पाहून सांगतो. ज्या बापाला कन्हार आणि मोरांड यांतला फरक बांधावरून ओळखता येतो, तोच मुलीच्या परिचयपत्रात 'वर्ण' या रकान्यासमोर 'निमगोरा' लिहितो. खोटे लिहितो असे मी म्हणणार नाही. त्याला दुसरा शब्द कुणी दिला नाही. (हा 'वर्ण' शब्दही मोठा अडचणीचा. मुळाक्षर तेही वर्ण, रंग तोही वर्ण, आणि ज्या चौकटीने माणसांना वर-खाली बसवले तीही वर्ण. बालभारतीपासून परिचयपत्रापर्यंत हा एकच शब्द आपली सोबत करतो.)

या बाबतीत आपणच तेवढे मागासलेले, असे समजून खाली मान घालण्याचे कारण नाही. त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती फिट्झपॅट्रिक यांची वर्गवारी १९७५ सालची. मुळात ती गोऱ्या त्वचेसाठीच होती, चार प्रकारांची. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे दोन प्रकार नंतर जोडले गेले. फाउंडेशनचा इतिहासही असाच. लुडविग लाइश्नर या ऑपेरा गायकाने १८७३मध्ये बर्लिनला रंगभूषेच्या कांड्यांचा कारखाना काढला. त्यापूर्वीच्या रंगांत शिशासारखी घातक द्रव्ये असत. मॅक्स फॅक्टर यांचे पॅन-केक १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगीत चित्रपटांसाठी आले आणि तेथून घराघरांत पोचले. आपल्याकडे १९५२मध्ये टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली. हे नाव दलीबच्या ऑपेरावरून घेतलेले, म्हणजे आपल्याच लक्ष्मीचे फ्रेंच रूप. लक्ष्मी पॅरिसला जाऊन परत आली, पण पुढची अनेक दशके दुकानाच्या फळीवर तिच्या शेजारी मान होता तो गोरे करणाऱ्या मलमांना. १९७५मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' जायला २०२० साल उजाडावे लागले. 'फेंटी ब्युटी'ने २०१७मध्ये एकदम चाळीस शेड्‌स बाजारात आणल्या तेव्हा ती जगभर बातमी झाली. चाळीस ही संख्या बातमी होते, यातच आधीची स्थिती कळते.

आणि या सगळ्या बाटल्यांत रंगद्रव्य म्हणून असते काय? लोहाची तीन ऑक्साइडे: लाल, पिवळे आणि काळे; सोबत पांढरे टायटॅनियम. लाल म्हणजे गेरूच्या कुळातले, पिवळे म्हणजे पिवडीच्या. ज्या रंगांनी आमच्याकडच्या भिंती सारवल्या-रंगवल्या जातात त्यांचेच शुद्ध, दळलेले भाऊबंद. त्यांचे प्रमाण बदलले की शेड बदलते, झाक बदलते. एवढेच गुपित आहे. मराठीलाही हेच करता येईल. गेरू आणि पिवडी हे शब्द तर घरचेच आहेत.

माझ्या एका सहकारी स्नेह्यांचा आक्षेप येथे नोंदवला पाहिजे. ते म्हणाले, "मॅडम, मुलीने चेहऱ्याला काही लावूच नये, हे सांगायचे सोडून तुम्ही तिला योग्य बाटली शोधून देताय. आधी सहा रंगांची शिडी होती, आता चाळीस बाटल्यांची होईल. कंपनीला तेच हवे आहे." आक्षेप खोटा नाही. उष्ण-थंडाची परिभाषा विक्रीसाठीच जन्मली आणि तिच्यातही बुवाबाजी पुष्कळ आहे. पण त्यांच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला पटत नाही. काही लावू नये, हा उपदेश ज्याच्या रंगाला भाषेने सुंदर शब्द दिलेला आहे त्याने करणे सोपे असते. त्या मुलीला रंगमंचावर उभे राहायचे होते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात, रात्र-रात्र नाटके चालतात. तेथे तोंडाला रंग लावल्याशिवाय कुणी उभे राहत नाही आणि प्रखर दिव्यांत कोरा चेहरा दुरून दिसतही नाही. तेव्हा प्रश्न असा, की रंग लावायचा तो तिचा की दुसऱ्या कुणाचा? शिवाय चाळीस बाटल्या आणि सहा पायऱ्या यांत एक मूलभूत फरक आहे. पायरीवर कुणीतरी वर असतोच. तांबूस आणि सोनेरी यांत वरचे कोण?

शेवटी आम्ही दोघींनी मिळून तिची झाक शोधली. तिच्याच घरच्या अंगणात, सकाळी दहाच्या सुमारास, सावलीत. कारण ट्यूबलाइट निळसर खोटे बोलते आणि पिवळा दिवा पिवळसर. तोंड नुसत्या पाण्याने धुऊन, पुसून थोडा वेळ जाऊ दिला; घासलेला चेहरा लाल होतो आणि तो लालपणा झाक म्हणून वाचला जातो. मनगटाच्या आतल्या शिरा पाहाव्यात, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर थंड, हिरवट दिसल्या तर उष्ण, असे सगळीकडे लिहिलेले असते. तिच्या मनगटावर शिरा धड दिसेनातच. ही कसोटी कुणासाठी तयार झाली हे तिथेच समजले. मग तिच्या आईने दोन कपडे आणले: एक पांढरेशुभ्र सुती, दुसरे न रंगवलेले कोशाचे. पांढरे गळ्याशी धरले की चेहरा मलूल दिसे. कोसा धरला की गालाची हाडे उठून दिसत, डोळ्यांखालची काळी वर्तुळे मागे सरत. चांदीची तोरडी आणि सोन्याचा मणी गालाजवळ धरून पाहिला, मणी जिंकला. उष्ण झाक, त्यातही पिवळ्यापेक्षा तांबडी अधिक. आई मागावरून न उठता म्हणाली, "लाखेचा रंग हाय तो." तिने मुलीकडे बघितलेही नव्हते, वीस वर्षे बघतच होती.

बाटली निवडणे त्यानंतर अवघड नव्हते, फक्त वेळखाऊ होते. दुकानदार हाताच्या पंजावर लावून दाखवतात ते व्यर्थ. पंजाचा रंग चेहऱ्याचा नसतो. जबड्याच्या कडेला, मानेवर थोडे उतरतील असे तीन बोटांचे पट्टे ओढले. लगेच ठरवले नाही. हवा लागून कित्येक फाउंडेशने थोडी गडद होतात, म्हणून पंधरा मिनिटे दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहिलो. येणारे-जाणारे पाहत होते. जो पट्टा दिसेनासा झाला तो तिचा. चेहरा आणि मान यांत उन्हामुळे फरक असेल तर मानेकडे झुकावे, असे माझे मत. तिचे मत चेहऱ्याकडे झुकावे असे होते आणि चेहरा तिचा असल्यामुळे मी गप्प बसले. नेमकी शेड एका बाटलीत मिळाली नाही. दोन घेतल्या. ती आता तळहातावर थेंब-थेंब मिसळते, रंगारी मिसळतो तशी.

गेल्या महिन्यात ती परिचयपत्राचा छापील नमुना घेऊन माझ्याकडे आली. वडिलांनी आणलेला. वर्णाच्या रकान्यात चार चौकटी होत्या: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. ज्यावर खूण करायची ती करा. मी म्हटले, चौकटींच्या पुढे मोकळ्या जागेत 'तांबूस सावळा' असे लिही. तिने पेन उघडून अक्षरे मोजली, मग जागा मोजली.

"मावत नाही जी," ती म्हणाली.

आणि चौकटींच्या खालच्या समासात बारीक अक्षरांत लिहू लागली.